‘अण्णा, तुम्हीच राहा’ : सोलापुरातल्या एका क्रीडा मंडळाच्या कार्यकारिणीचे प्रकरण

हे प्रकरण सोलापुरातल्या एका जुन्या टेनिस मंडळाचे आहे. मंडळाचे आणि माणसांचे नाव देत नाही, तसे सगळ्यांशी बोलून ठरले आहे. मी या मंडळाचा सभासद आहे आणि पुढे जे काम झाले त्यातल्या काही भागात माझाही हात होता. आपल्या शहरात तालमी आहेत, वाचनालये आहेत, गणेशोत्सव मंडळे आहेत, सोसायट्या आहेत, आणि त्यातल्या कितीतरी ठिकाणी आज हाच पेच उभा आहे: काम करणारी माणसे थकली आणि नवीन कोणी पुढे येत नाही. म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

मंडळाचा पसारा मोठा नाही. मातीची दोन कोर्टे, पत्र्याचे छप्पर असलेला बॅडमिंटनचा हॉल, ऑफिसची एक खोली, एक बोअर, एक मार्कर, म्हणजे कोर्टाची निगा राखणारा पगारी माणूस, आणि दोनशेच्या आसपास सभासद. नोंदणी दुहेरी, महाराष्ट्रातल्या बहुतेक अशा संस्थांची असते तशी: १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली संस्था म्हणून आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली न्यास म्हणून. घटनेप्रमाणे नऊ जणांची कार्यकारिणी, मुदत तीन वर्षे. पण मतपेटी निघाल्याचे नव्या सभासदांना आठवतच नव्हते. दर तीन वर्षांनी ‘कार्यकारिणीची बिनविरोध निवड’ अशी बातमी पेपरात यायची, हारतुऱ्यांचा फोटो यायचा आणि सगळे समाधानाने घरी जायचे.

बिनविरोध निवडीचे आपल्याकडे फार कौतुक आहे. एका जागेसाठी तिघे इच्छुक असताना दोघांनी समजुतीने माघार घेतली असेल, तर ते कौतुक रास्तच आहे. पण नऊ जागांना नऊ अर्जही येत नसतील, सभेच्या आदल्या रात्री फोन करकरून नावे गोळा करावी लागत असतील आणि निम्म्यांना आपण नेमके कशावर निवडून आलो हे दुसऱ्या दिवशी कळत असेल, तर ती बिनविरोध निवड म्हणजे मंडळ आजारी असल्याची खूण आहे. आमच्याकडे हेच चालले होते. ते कुणाच्या डोळ्यांवर येत नव्हते, कारण सगळे बघायला अण्णा होते.

अण्णा मंडळाचे सचिव, वीस वर्षांहून अधिक काळ. नोकरीतून निवृत्त झाल्यावर तर त्यांचा दिवस कोर्टावरच उजाडायचा. खजिनदार काका बँकेतून निवृत्त झालेले, हिशेबाला चोख. अध्यक्षांचा टॉवेलचा कारखाना. सगळे त्यांना ‘मालक’ म्हणतात, तसे सोलापुरात कुणालाही म्हणतात, पण त्यांना ते शोभते. हे तिघे मिळून मंडळ चालवायचे. उरलेले सहा जण सह्या करायचे आणि स्पर्धेच्या दिवशी खुर्च्या लावायला यायचे.

सप्टेंबरातल्या वार्षिक सर्वसाधारण सभेत अण्णांनी उभे राहून सांगितले की दिवाळीनंतर ते पुण्याला मुलाकडे राहायला जाणार आहेत, त्यामुळे या वेळी त्यांचे नाव घेऊ नये. सोलापुरातल्या कितीतरी घरांत हेच होते आहे. मुले शिकून पुण्याला जातात आणि वय झाले की आईवडीलही त्यांच्या मागे जातात. सभेला हे अनपेक्षित नव्हते, तरी हॉलमध्ये क्षणभर कोणी काही बोलेना. मग मालकांनी माईक हातात घेऊन विचारले, "सचिवपदासाठी कोण पुढे येतंय?" मागच्या रांगेतून एकाने म्हटले, "अण्णा, तुम्हीच राहा ओ. तुमच्याशिवाय मंडळ कसं चालायचं?" टाळ्या वाजल्या. अण्णांनी हात जोडले आणि खाली बसले. पुन्हा विचारले, पुन्हा शांतता. त्यापुढचा विषय होता निवडणूक. नऊ जागांना चार नावे आली, त्यात अध्यक्ष आणि खजिनदार होतेच. सभा तहकूब झाली आणि डिसेंबरात विशेष सभा बोलवायचे ठरले.

घरी जाताना जो तो एकच बोलत होता: आजकाल कुणाला समाजकार्य नको, सगळ्यांना आयते पाहिजे. हे निदान मला तेव्हाही पटले नव्हते आणि पुढे जे कळले त्यानंतर तर ते अन्यायाचेच वाटते. याच माणसांनी कोविडच्या काळात एकमेकांच्या घरी डबे पोचवले होते. संक्रांतीच्या सुमाराला भरणाऱ्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजांच्या मिरवणुकीला यांच्यातलेच कितीतरी जण पहाटेपासून स्वयंसेवक म्हणून राबतात. तिथे कोणी नेमणूकपत्र मागत नाही. सेवेची हौस या गावात कमी नाही. मग सचिवपदाचे नाव निघाले की माना खाली का जातात?

या प्रश्नाला हात घातला तो निवृत्त मुख्याध्यापिका असलेल्या एका सभासद बाईंनी. शाळेचे वेळापत्रक लावण्यात त्यांची हयात गेली. त्यांचे म्हणणे साधे होते: अण्णा काय काय करतात हेच कुणाला माहीत नाही, आणि जे माहीत नाही त्याला माणूस हो कसे म्हणेल? त्यांनी आणि मी दिवाळीपूर्वीच्या संध्याकाळी ऑफिसच्या खोलीत अण्णांसमोर बसून यादी करायला घेतली. अण्णा आधी म्हणाले, "त्यात काय लिहायचंय ओ, होऊन जातं सगळं." मग बोलू लागले तसतशी दोनशे पानी वही भरत गेली.

कोर्टाचे पाणी हे एकच काम घ्या. सोलापुरात महापालिकेचे पाणी रोज येत नाही, काही दिवसांआड येते. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडून बराच वर जातो. मातीचे कोर्ट पाण्याशिवाय चार दिवस टिकत नाही. बोअर फेब्रुवारीपर्यंत साथ देतो, मग टँकर. पाणी मारायचे ते संध्याकाळचा खेळ संपल्यावर, म्हणजे रात्रभर मुरते. पहाटे उजाडण्याआधी रोलर. रोलर केव्हा फिरवायचा याची अण्णांची एक खूण होती: माती अंगठ्याने दाबली की ठसा उमटला पाहिजे, पण अंगठ्याला माती चिकटता कामा नये. चिकटली तर रोलरला पोपडे लागतात आणि कोर्टावर खळगे पडतात. अगदी कोरडी असली तर वरचा थर फुटून धूळ उडते. मग झाडू ओढायचा, मग चुन्याच्या रेषा. हे सगळे मार्करला येत होते. पण टँकर आज मागवायचा की उद्या, पैसे कोणी द्यायचे, सकाळच्या बॅचला कोर्ट ओले मिळाले तर तक्रार कोणी ऐकून घ्यायची, हे सगळे अण्णांच्या डोक्यात होते. टँकरचे पैसे ते खिशातून द्यायचे आणि महिन्याने व्हाउचर करून घ्यायचे. कधी करायचेही नाहीत.

वही पूर्ण झाली तेव्हा बाईंनी लाल पेन घेऊन एकेका ओळीपुढे खुणा केल्या. काही कामांना सही लागत होती, म्हणजे ती घटनेप्रमाणे सचिवाचीच होती: नोटिसा काढणे, इतिवृत्त लिहिणे, सरकारी पत्रव्यवहार. अशी कामे वहीच्या पाचव्या हिश्श्याएवढीही निघाली नाहीत. बाकी सगळी कामे वर्षानुवर्षे एका माणसाच्या अंगावर साचत गेलेली होती. हॉलचे बल्ब बदलणे, उन्हाळी शिबिराच्या मुलांची यादी, स्पर्धेचे ड्रॉ, शटलकॉकचे खोके आणणे, नव्या सभासदांना नियम सांगणे, भांडणे मिटवणे. काही कामे तर बंद करायच्या लायकीची होती. वर्गणीची पावती नव्या पेठेतल्या दोन ज्येष्ठ सभासदांना घरी नेऊन देण्याची पद्धत कुणीतरी कधीतरी पाडली होती. त्यातले एक गृहस्थ वारले होते आणि अण्णा अजूनही त्यांच्या मुलाकडे पावती पोचवत होते.

याच सुमाराला एका सभासदाने या कामाला दिशा दिली. लष्करातून निवृत्त होऊन गावी परत आलेले एक कर्नल साहेब आमच्याकडे सकाळी खेळतात. छावण्यांमध्ये असताना ते गोल्फ खेळत. त्यांनी सांगितले की गोल्फ क्लबात काम कसे वाटलेले असते. गोल्फचे नियम ठरवतात ब्रिटनची आर अँड ए आणि अमेरिकेची यूएसजीए या दोन संस्था, पण मैदानाचा कुठला भाग हद्दीबाहेर धरायचा किंवा स्पर्धा कुठल्या अटींवर खेळायची हे नियमांनीच त्या त्या ठिकाणच्या समितीवर सोपवले आहे. त्यामुळे क्लबांमध्ये सहसा वेगवेगळ्या छोट्या समित्या असतात: हिरवळ आणि मैदान पाहणारी एक, स्पर्धा घेणारी एक, खेळाडूंचे हँडिकॅप, म्हणजे कौशल्यातला फरक भरून काढायला दिलेली फटक्यांची सवलत, पाहणारी एक. हँडिकॅपचे उदाहरण त्यांनी खुलवून सांगितले. २०२० पासून देशोदेशी एकच पद्धत लागू होत गेली, तिच्यात खेळाडूच्या शेवटच्या २० फेऱ्यांपैकी उत्तम ८ फेऱ्यांवरून हँडिकॅप निघतो. ही आकडेमोड संगणक करतो. समितीच्या माणसांनी पाहायचे ते एवढेच, की कुणी मुद्दाम वाईट खेळून आपला हँडिकॅप फुगवत तर नाही ना, किंवा एखादा मोठ्या दुखण्यातून उठला आहे तर त्याच्या आकड्याचा फेरविचार करायचा का.

बाईंना यातले मर्म लगेच सापडले. जे मोजून होते त्यात माणूस घालवायचा नाही. जिथे माणूस ओळखावा लागतो तिथे माणूस द्यायचा. वर्गणी कुणाची थकली हे मोबाइलवरची साधी तक्ता-फाइल सांगू शकते. पण थकलेल्याची नोकरी गेली आहे की तो विसरला आहे, हे विचारायला शेजारीच लागतो.

मालकांचा सल्ला वेगळा होता. पगारी मॅनेजर ठेवू, वर्गणी वाढवू, प्रश्न मिटला. कारखाना चालवणाऱ्या माणसाला हे सुचणे साहजिक आहे आणि त्यात तथ्यही होते. हिशेब टाइप करणे, पावत्या फाडणे, लाइट बिल भरणे ही कामे स्वयंसेवेवर सोडू नयेत असे माझेही मत आहे. ती कंटाळवाणी असतात आणि चुकली की महागात पडतात. त्यामुळे संध्याकाळी दोन तास येणारा एक मुलगा पगारावर ठेवायचे ठरले. मात्र अख्खे मंडळ मॅनेजरच्या हाती देणे मला मान्य नव्हते. सकाळ आणि संध्याकाळच्या बॅचमध्ये कोर्टावरून जुंपली तर पगारी माणूस दोघांनाही ‘हो साहेब’ म्हणणार. ते भांडण सभासदच सोडवू शकतो.

यानंतर विचारायला सुरुवात झाली. या प्रकरणात शिकण्यासारखे सर्वांत जास्त काही असेल तर ते या विचारण्यात आहे. बाईंनी माईकवरून विचारायचे नाही असे ठरवले. दोनशे माणसांना एकदम विचारलेला प्रश्न कुणालाच विचारलेला नसतो. आम्ही सभासदांची यादी घेतली आणि कोण कशात तरबेज आहे ते आठवत बसलो. मग एकेकाला गाठून, त्याला साजेसे एकच काम सांगून, मुदतीसह विचारले. कुणाला कोर्टावर, कुणाला घरी चहाला जाऊन. "मंडळासाठी काहीतरी करा" असे एकदाही म्हटले नाही.

रेल्वेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ रोज खेळायला येत, कधी कुणाशी फारसे बोलत नसत. त्यांना बाईंनी विचारले, "मार्च ते जून, चार महिने, पाण्याचं तेवढं बघाल का? टँकर केव्हा मागवायचा ते तुम्ही ठरवायचं, पैसे आगाऊ तुमच्याकडे असतील." ते म्हणाले, "बाई, पद-बिद नको मला. काम सांगा, ते करतो." हे वाक्य आम्ही त्या महिन्यात निरनिराळ्या तोंडून इतक्यांदा ऐकले की शेवटी त्यावरच सगळी मांडणी केली.

नकारही आले, आणि नकाराची कारणे ऐकणे जास्त मोलाचे ठरले. महिलांची संख्या मंडळात बरीच आहे, पण कार्यकारिणीत एकही महिला नव्हती. कारण विचारले तर कळले की बैठक रात्री नऊला, हॉलमध्ये, आणि ती अकरापर्यंत लांबते. स्वयंपाक, मुलांचा अभ्यास उरकून त्या वेळी कोण येणार? बैठक रविवारी सकाळी खेळ झाल्यावर आठला घ्यायची असे ठरताच दोघी तयार झाल्या. पुण्याच्या कंपनीचे काम घरून करणारा एक तरुण म्हणाला, "मला आजवर कुणी विचारलंच नाही." काही जणांना अण्णांशी तुलना होण्याची धास्ती होती. ती खोटी नव्हती. टँकर एक दिवस उशिरा आला तरी लोक म्हणणार, अण्णा असते तर असे झाले नसते.

पण सगळ्यात जास्त भीती होती ती सहीची. नाव लागले की नोटीस आपल्या घरी येणार. ही भीती नेमकी किती खरी आहे हे नीट सांगणे भाग होते, म्हणून न्यासांची कामे करणाऱ्या एका वकिलांना बोलावले. त्यांनी दोन गोष्टी समजावल्या. कार्यकारिणी बदलली की १९५० च्या कायद्याच्या कलम २२ प्रमाणे ९० दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो. सगळे त्याला चेंज रिपोर्ट म्हणतात. तो मंजूर झाला की परिशिष्टावर, म्हणजे त्या कार्यालयातल्या न्यासाच्या अधिकृत नोंदीवर, नवी नावे चढतात. ज्यांची नावे चढतात त्यांच्यावर न्यासाच्या पैशाची आणि मालमत्तेची जबाबदारी असते, आणि शहाणा माणूस स्वतःच्या मालमत्तेची घेतो तेवढी काळजी त्यांनी घ्यावी अशी कायद्याची अपेक्षा आहे. हिशेब ३१ मार्चला बंद करायचे, लेखापरीक्षण करून घ्यायचे, ठराव वेळच्या वेळी लिहायचे. एवढे केले तर प्रामाणिक माणसाला घाबरण्यासारखे फारसे नाही. दुसरी गोष्ट अधिक उपयोगाची निघाली: उपसमितीत काम करणाऱ्यांची नावे बदल अर्जात जात नाहीत. आमच्या घटनेत उपसमित्या नेमण्याचा अधिकार कार्यकारिणीला आहेच. म्हणजे पाणी पाहणारा, शिबिर घेणारा, ड्रॉ काढणारा यांच्या डोक्यावर कागदाचे ओझे येत नाही. पैसे कार्यकारिणीच्या मंजुरीने खर्च होतात, ते फक्त काम पाहतात.

हे ऐकल्यावर दिवाणखान्यात बसलेल्यांचे चेहरे सैलावले. मात्र त्याच बैठकीत वकिलांनी आमच्या फाइलमधली एक जुनी गाठ दाखवली. मागच्या दोन निवडणुकांपैकी पहिलीचा बदल अर्ज दिला होता, पण मंडळाकडून पुढे कोणी पाठपुरावा केला नव्हता; दुसरीचा तर दिलाच नव्हता. परिणामी परिशिष्टावर अजून जुनीच कार्यकारिणी होती आणि तिच्यातले एक सदस्य हयात नव्हते. फोटो पेपरात छापून आला म्हणून कार्यकारिणी बदलली असे सगळे धरून चालले होते. बँकेत सह्या बदलायला गेले की नेमके हेच कागद मागतात. सुदैवाने खात्यावर अध्यक्ष, सचिव, खजिनदार यांपैकी कोणत्याही दोघांची सही चालत होती, म्हणून व्यवहार अडला नाही. पण अण्णा पुण्यात आणि काका आजारी, असे एखाद्या महिन्यात झाले असते तर मार्करचा पगार थांबला असता. वकिलांच्या सल्ल्याने जुन्या अर्जाचा पाठपुरावा आणि राहिलेल्या अर्जासाठी विलंब माफी, अशी दोन्ही कामे एकदम सुरू केली. ज्या वाचकांच्या मंडळात गेल्या काही वर्षांत बिनविरोध निवडी झाल्या आहेत, त्यांनी परिशिष्टाचा ताजा उतारा काढून त्यावर कुणाची नावे आहेत ते पाहावे अशी माझी मनापासून विनंती आहे. काढायला फार खर्च येत नाही.

डिसेंबरची विशेष सभा गड्ड्याच्या यात्रेआधी झाली. नोटिशीसोबत या वेळी पदांच्या नावांखाली कामे छापली होती: सचिवाने महिन्यातून साधारण काय करायचे, काय करायचे नाही, कुठे सही करायची. नऊ जागांना अकरा अर्ज आले. सचिवपद त्या घरून काम करणाऱ्या तरुणाकडे बिनविरोध गेले, पण कार्यकारिणी सदस्यांच्या पाच जागांना सात नावे होती. दोघांनी माघार घ्यावी म्हणून मालकांनी खूप प्रयत्न केले. "मतदान झालं की गट पडतात ओ," ते पोटतिडकीने सांगत होते, आणि त्यांनी सोलापुरात गट पडून बुडालेल्या संस्था पाहिल्या आहेत, त्यामुळे त्यांची काळजी मला समजते. तरी मतदान व्हावे असे माझे ठाम मत होते. चिठ्ठ्या टाकल्या, अर्ध्या तासात निकाल लागला. हरलेल्या दोघांपैकी एक दुसऱ्याच दिवशी उन्हाळी शिबिराच्या उपसमितीत आले. दुसरे मात्र रुसले आणि काही महिने कोर्टाकडे फिरकले नाहीत. मालकांची भीती तेवढ्यापुरती खरी ठरली.

त्यापुढचे वर्ष सुरळीत गेले असे म्हणता येणार नाही. नव्या सचिवाने कोर्टाच्या आरक्षणासाठी ॲप बसवले. तरुणांना ते आवडले, साठीपुढच्या सभासदांनी ते उघडलेच नाही, आणि एकाच वेळेला ॲपवरचा आणि वहीवरचा असे दोन दावेदार कोर्टावर उभे राहू लागले. महिनाभराने ॲप गुंडाळून भिंतीवरचा पांढरा फळा आणि त्याचा रोज संध्याकाळी व्हॉट्सॲपवर टाकलेला फोटो, एवढ्यावर भागवले. ते चालले. हॉलच्या दुरुस्तीचे काम घेतलेले एक सभासद होळीपर्यंत उत्साहात होते, मग त्यांचा फोन लागेनासा झाला. त्यांच्यावर कुणी राग धरला नाही, कारण बदलीचा माणूस कोण हे सुरुवातीलाच ठरले होते. बाईंचा तो आग्रह होता: प्रत्येक कामाला दोन नावे, एक करणारे आणि एक माहीत असलेले.

पाण्याच्या कामाचे मात्र सोने झाले. रेल्वेच्या काकांनी एक रजिस्टर घातले. बोअर किती वेळ चालला, टँकर कधी आला, किती पैसे, पाणी कुठल्या कोर्टाला मारले. एप्रिलच्या मध्यात सकाळच्या आणि संध्याकाळच्या बॅचमध्ये ठरलेले भांडण झाले, तेव्हा त्यांनी रजिस्टर उघडून दोन्ही बाजूंना दाखवले की एवढ्या पाण्यात रोज एकच कोर्ट नीट होते. मग एक कोर्ट सकाळच्यांचे, एक संध्याकाळच्यांचे, असे ठरले. अण्णा हे भांडण आपल्या शब्दाने मिटवत असत. काकांकडे तो अधिकार नव्हता, त्यांनी आकडे पुढे केले. मला हा बदल फार मोठा वाटतो, कारण आकडे कुणालाही पुढे करता येतात, अण्णांचा शब्द मात्र अण्णांबरोबरच पुण्याला गेला होता.

अण्णांबद्दल थोडे लिहायला हवे. पुण्याहून त्यांचा रोज फोन यायचा, कधी मार्करला, कधी नव्या सचिवाला. रोलर फिरवला का, अमक्याची वर्गणी आली का. सूचना चांगल्याच असायच्या, पण नवा सचिव गोंधळून जायचा आणि मार्कर दोन्हीकडून आदेश घ्यायचा. त्यांना हे सांगणार कोण? शेवटी खजिनदार काकांनी, त्यांच्या जुन्या सोबत्याने, फोन करून सांगितले, "अण्णा, पोरगा शिकतोय. त्याला चुकू दे की जरा." अण्णा दुखावले असणार. काही दिवस फोन आला नाही. मग बाईंनी त्यांना एक काम दिले: मंडळाचा जुना इतिहास, कोर्टे कशी बांधली, कुठल्या थराखाली किती मुरूम आहे, कोर्टाची निगा कशी राखायची, हे सगळे लिहून पाठवा. ते पत्रे पाठवू लागले, सुवाच्य अक्षरात. अंगठ्याच्या ठशाची खूण आता टाइप करून मार्करच्या खोलीत लावलेली आहे. वीस वर्षे संस्था वाहिलेल्या माणसाला नुसता शाल-नारळ देऊन निरोप देणे हा त्याच्या ज्ञानाचा अपमान आहे असे मला वाटते. त्याच्याकडचे जे लिहून घेता येते ते सत्काराच्या आधी लिहून घ्यावे.

हातखर्चाची व्यवस्था वरवर किरकोळ दिसते, पण तिने बरेच काही बदलले. उपसमितीच्या प्रमुखाकडे ठराविक रक्कम आगाऊ, दर महिन्याच्या पहिल्या रविवारी व्हाउचर जोडून हिशेब, मग पुन्हा तेवढीच रक्कम. खिशातून खर्च करण्याची ऐपत असलेलाच पदाधिकारी होऊ शकतो, ही न बोललेली अट त्यामुळे गळून पडली. यंत्रमाग कारखान्यात नोकरी करणारा, बॅडमिंटन खेळणारा एक सभासद आज शटलकॉकची खरेदी बघतो. पूर्वी त्याला हे काम घेणे परवडले नसते.

आजची स्थिती अशी आहे. राहिलेल्या बदल अर्जाची सुनावणी व्हायची आहे, जुना अर्ज मार्गी लागला आहे. हॉलचे पत्रे अजून गळतात, पावसाळ्यात दोन दिवस खेळ बंद ठेवावा लागला. रुसलेले सभासद परत खेळायला येतात, समितीत यायला तयार नाहीत. सर्वांत अवघड जागा खजिनदाराची आहे. काकांचे वय अण्णांपेक्षा जास्त आहे, त्यांना मदतनीस हवा आहे आणि पैशाच्या कामाला अजून कुणी होकार दिलेला नाही. बाईंनी यादीतून तीन नावे काढली आहेत, त्यातली एक बँकेत काम करणारी तरुणी आहे. तिला वर्षभर काकांसोबत नुसते बसायला बोलवायचे, सही काकांचीच राहील, असे सांगून विचारायचे ठरले आहे. रविवारच्या बैठकीनंतर मी आणि बाई तिच्या घरी जाणार आहोत.